जळगाव सोडून चेन्नईकडची ऑफर घ्यावी का? होकार देण्याआधी काय काय तपासावं?

असोदेकर

राम राम मंडळी.

बी.ई. मेकॅनिकल. जळगाव एमआयडीसीत पाइप कंपनीत क्वालिटीला तीन वर्षं झाली. हातात 23,500 येतात. घर असोद्याला, मोटरसायकलवर जाणं-येणं, डबा घरचा. आता चेन्नईजवळ ओरगडमला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीकडून ऑफर आली आहे. पद क्वालिटी इंजिनिअर, सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) 6,24,000. सात दिवसांत उत्तर द्यायचं आहे.

घरी आई-वडील. वडील 61 वर्षांचे, शुगर आणि बीपी दोन्ही. साडेचार एकर बागायती, बरीचशी कपाशी आणि एक एकर केळी. बहिणीचं लग्न झालंय.

लेटरमधले आकडे: बेसिक 22,000, एचआरए 11,000, स्पेशल अलाउन्स 7,000 (तिन्ही महिन्याचे). वर्षाचे म्हणून पुढे लिहिलंय: कंपनीचा पीएफ 31,680, ग्रॅच्युइटी 12,692, इन्शुरन्स 9,628, व्हेरिएबल पे (कामगिरीप्रमाणे कमी-जास्त होणारा भाग) 60,000, जॉइनिंग बोनस 30,000.

पगार जवळजवळ दुप्पट दिसतोय, पण इतक्या लांब जायचं तर नुसत्या आकड्यावर हो म्हणावंसं वाटत नाही. जाणकारांनी सांगावं, काय काय बघायला हवं?

पगारपत्रक

आकडे पूर्ण दिलेत हे बरं केलंत. पगार दुप्पट नाही. बघा.

बेसिक, एचआरए आणि स्पेशल मिळून महिन्याचा ग्रॉस 40,000. त्यातून तुमचा पीएफ बेसिकच्या 12 टक्के, म्हणजे 2,640 जाणार. प्रोफेशन टॅक्स वर्षाला 2,500 च्या वर कुठल्याही राज्यात घेता येत नाही, तो महिन्याला 208 धरा. इन्कम टॅक्स नव्या पद्धतीत या पगारावर शून्य. हातात 37,150 च्या आसपास. कॅन्टीन आणि बसची कपात असेल तर ती वेगळी, ती लेटरमध्ये नसते, विचारावी लागते.

उरलेले पैसे कुठे गेले? कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी सीटीसीत धरलेली आहे. तो पैसा तुमचाच, पण महिन्याच्या खर्चाला उपयोगाचा नाही. ग्रॅच्युइटी तर कायम नोकरीत पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मिळते, तीन वर्षांत सोडलं तर तो आकडा कागदावरच राहिला. इन्शुरन्सचे 9,628 विमा कंपनीला जातात. जॉइनिंग बोनस एकदाच. म्हणजे दुसऱ्या वर्षी वाढ मिळाली नाही तर तुमची सीटीसी 5,94,000 वर येते. पुढच्या वर्षीची वाढ कोणत्या आकड्यावर मोजणार हे आत्ताच विचारून घ्या. पुष्कळ जण इथेच चुकतात.

व्हेरिएबलबद्दल एचआरला तीन गोष्टी विचारा: तिमाहीला मिळतो की वर्षाला, मागची दोन वर्षं या पदाला किती टक्के मिळाला, आणि वाटपाच्या दिवशी तुम्ही नोकरीवर असणं बंधनकारक आहे का. तिसरं उत्तर हो असेल आणि वाटप जूनमध्ये असेल, तर मे महिन्यात सोडणाऱ्याला वर्षभराच्या कामाचं काही मिळत नाही. हिशेब करताना व्हेरिएबल शून्य धरा.

आता खर्च. तिघा-चौघांत खोली घेतली तर तुमच्या वाट्याला भाडं 5,000, जेवण-नाश्ता 5,500, लाइट-पाणी-गॅस-मोबाइल 1,500, कामावर जाणं-येणं 1,500. वर्षातून चार वेळा घरी आलात आणि एका फेरीला 5,000 लागले तर महिन्याला 1,700. औषध, कपडे, किरकोळ 2,000. बेरीज 17,200. उरतात साधारण 19,950.

जळगावात 23,500 मधून पेट्रोलचे 2,500 आणि वरखर्चाचे 3,000 गेले तर 18,000 उरतात.

म्हणजे महिन्याला हातात फरक दोन हजारांचा. भाड्याचा आकडा तिथल्या माणसाकडून पक्का करून घ्या, कारण एकट्यानं खोली घेतली तर हा फरक उलटा होतो. पीएफमध्ये मात्र खरा फायदा आहे. आत्ता बहुधा 15,000 च्या मर्यादेवर 1,800 अधिक 1,800 जात असतील. त्यातले 1,250 पेन्शनला वळतात, खात्यात 2,350 पडतात. नव्या ठिकाणी 5,280 मधून तेच 1,250 वजा होऊन खात्यात 4,030 पडतील. पगारपत्रक बघून खात्री करा.

आणखी एक, जॉइनिंगची तारीख. बऱ्याच कंपन्यांत 20 ते 25 तारखेच्या दरम्यान पगाराची नोंद बंद होते. 22 ला रुजू झालात तर त्या महिन्याचे आठ-नऊ दिवस पुढच्या पगारात येतात आणि पहिला पैसा हातात यायला चाळीस दिवस लागतात. शक्यतो महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हा. तरी 45 दिवसांचे पैसे जवळ पाहिजेतच: डिपॉझिटचा वाटा 15,000, पहिलं भाडं 5,000, गादी-बादली-भांडी 5,000, जेवण 8,000, बस 2,000, जातानाचं तिकीट 3,000 आणि अचानक घरी यावं लागलं तर 7,000. झाले 45,000. डिपॉझिटचा आकडा मालकावर आहे, दक्षिणेकडच्या शहरांत तो आपल्याकडच्यापेक्षा बराच जास्त मागतात. रिलोकेशनचे पैसे पगारासोबत परत मिळतात, आगाऊ नाही, तेव्हा ते यात धरू नका.

भुसावळ_जंक्शन

प्रवासाचं मी सांगतो.

जळगावहून चेन्नईला थेट गाडी आहे, नवजीवन एक्स्प्रेस. अहमदाबादहून सुटते, सुरत-नंदुरबार-जळगाव-भुसावळ करत वर्धा, बल्लारशाह मार्गे चेन्नई सेंट्रल. रोज असते, पण एक दिवस-रात्र जवळपास पूर्ण जाते. ओरगडम चेन्नई शहरात नाही. सेंट्रलला उतरून समोरच्या पार्क स्टेशनवरून चेंगलपट्टूकडची लोकल धरायची, सिंगपेरुमाळ कोईलला उतरायचं आणि तिथून श्रीपेरुंबुदूर रस्त्याची बस. सामान घेऊन हे दोन-अडीच तासांचं काम आहे. म्हणजे असोद्याच्या दारापासून खोलीच्या दारापर्यंत तीस तास धरून चला.

रिझर्व्हेशन आता 60 दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं 120 नाही. दिवाळीचं तिकीट काढायचं तर बरोबर साठाव्या दिवशी सकाळी आठला बसावं लागतं. तत्काळ आदल्या दिवशी, एसीचं दहाला आणि स्लीपरचं अकराला. त्या वेळी तुम्ही शॉप फ्लोअरवर असणार आणि तिथे मोबाइल चालत नाही, म्हणून तिकीट काढणारं माणूस घरी तयार ठेवा.

अडीअडचणीला चेन्नईहून मुंबईचं विमान आणि मुंबईहून जळगावची गाडी, हा सगळ्यात भरवशाचा मार्ग. पहाटे फोन आला तर मध्यरात्रीच्या आसपास घर गाठता येतं. जळगावच्या विमानतळावरच्या सेवा बदलत राहतात, त्यांच्यावर विसंबून बेत आखू नका.

सुट्टीचं गणित यापेक्षा अवघड आहे. कारखान्यात आठवड्याला एकच सुट्टी. भरपगारी रजा साधारण वीस दिवस कामामागे एक, म्हणजे वर्षाला चौदा-पंधरा. एका फेरीत दोन ते अडीच दिवस गाडीतच जातात. चार दिवस रजा टाकून एक साप्ताहिक सुट्टी जोडली तर घरी अडीच-तीन दिवस मिळतात. चार फेऱ्यांत सगळी रजा संपली, आजारपणाला काही उरलं नाही.

आणि तिकडची मोठी सुट्टी पोंगलला, जानेवारीत. तिथली दिवाळी एका दिवसाची, तीही बहुतेक नरक चतुर्दशीची. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज हे तिथे कामाचे दिवस. आखाजी (अक्षय्य तृतीया), कानबाई (आपल्या खानदेशातला सण), पोळा यांचा तर प्रश्नच नाही. कानबाईचे रोट असतील तेव्हा घरातल्या कर्त्या मुलानं हजर असावं असं तुमच्याकडे असेल, तर ती रजा रुजू होतानाच बोलून ठेवा. श्रावणातला नागपंचमीनंतरचा रविवार, तारीख आधीच सांगता येते.

असोदेकर

पगारपत्रक, भुसावळ भाऊ, मनापासून धन्यवाद. दोन हजारांचा फरक ऐकून वडीलही विचारात पडले.

लेटरच्या शेवटच्या पानावर हे आहे: 18 महिन्यांच्या आत सोडल्यास जॉइनिंग बोनस आणि रिलोकेशनचे 20,000 पूर्ण परत, शिवाय ट्रेनिंगचा खर्च म्हणून 1,00,000. नोटीस 90 दिवस, 'किंवा त्याऐवजी वेतन'. प्रोबेशन सहा महिने. हे सगळीकडे असंच असतं का?

कोर्टरोड_धुळे

असतं, पण जसंच्या तसं घ्यायचं नसतं.

'बॉण्ड बेकायदेशीर असतो, काही होत नाही' असं गावातले लोक सांगतात, त्यावर जाऊ नका. करार कायदा 1872 चं कलम 27 धंदा-व्यवसायाला अटकाव करणारे करार रद्द ठरवतं हे खरं. पण नोकरीत असतानाच्या काळापुरती अट आणि लवकर सोडल्याची ठरावीक भरपाई ही वेगळी गोष्ट. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी सोडल्यास 2 लाख भरण्याची अट वैध ठरवली. तिथे सार्वजनिक बँकेच्या भरतीचा खर्च आणि पद्धत यांचा विचार झाला, खासगी कंपनीला तोच निकाल डोळे झाकून लागू होईल असं नाही. कलम 74 प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, तिच्या आत वाजवी भरपाई. पण ते सगळं कोर्टात, आणि तुमच्या करारात न्यायक्षेत्र चेन्नई लिहिलेलं असणार. एक लाखासाठी धुळे-जळगावचा माणूस चेन्नईच्या तारखा करत नाही. व्यवहारात कंपनी कोर्टात जातही नाही: शेवटचा पगार अडवते आणि रिलीव्हिंग लेटर देत नाही. त्यामुळे सही करण्याआधीच शब्द बदलून घ्यायचे.

काय मागायचं? पहिलं, रक्कम महिन्यागणिक कमी होत जावी. एक लाखाला 18 नं भागलं तर 5,556 होतात. बारा महिने काम केलं तर 33,000 च्या आसपास देणं उरतं, पूर्ण लाख नाही. हे कंपन्या बऱ्याचदा मान्य करतात. दुसरं, 'ट्रेनिंग' म्हणजे कोणतं, किती दिवसांचं, कुठे, हे लिहून द्या म्हणावं. लाइनवर उभं करून काम शिकवणं याला लाखाचं ट्रेनिंग म्हणता येणार नाही. तिसरं, कंपनीनं स्वतः काढलं, प्लांट हलवला किंवा दुसऱ्या राज्यात बदली केली तर ही अट लागणार नाही, असं एक वाक्य. हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच बहुतेक लेटरमध्ये नसतं.

नोटिशीचं: 'त्याऐवजी वेतन' म्हणजे कोणतं वेतन? बेसिकवर मोजलं तर तीन महिन्यांचे 66,000, ग्रॉसवर मोजलं तर 1,20,000. एका शब्दावर चोपन्न हजारांचा फरक. 'बेसिक' असा शब्द लिहून घ्या. प्रोबेशनमध्ये नोटीस किती हेही बघा. तिथेही 90 दिवस असतील तर 30 मागा, कारण प्रोबेशनमध्ये कंपनी तुम्हाला लवकर काढू शकते, तर तुम्हालाही तेवढ्याच लवकर जाता आलं पाहिजे.

आज आहे तसं सही केलं आणि दहाव्या महिन्यात वडिलांच्या तब्येतीमुळे परत यावं लागलं, तर बोनस 30,000, रिलोकेशन 20,000, ट्रेनिंग 1,00,000, वर नोटिशीचे पैसे. 2,16,000 ते 2,70,000 ला परतीची वाट पडते, दीड लाख त्यातले नोटिशीआधीचेच. महिन्याला दोन हजारांचा फरक असलेल्या नोकरीत हा आकडा सगळ्यात आधी बघायचा.

मूळ मार्कशीट-सर्टिफिकेट कुणाकडेही ठेवायला देऊ नका, पडताळणीला दाखवायची आणि परत घ्यायची. कोरा चेक तर नाहीच.

कांदेबाग_यावल

सगळ्यांनी पगाराचं सांगितलं, शेताचं कुणी धरलं नाही. साडेचार एकर बागायती ही छोटी गोष्ट नाही.

आत्ता तुम्ही कामावरून येऊन आणि रविवारी जे करता, ते उद्या कोण करणार? पंप, ड्रिपच्या नळ्या, लॅटरल धुणं, खतं सोडणं, मजूर बघणं. 61 वर्षांच्या आणि शुगर असलेल्या माणसानं कपाशीच्या फवारणीला पाठीवर पंप घेऊ नये, हे तर डॉक्टरही सांगतील. सालदार (वर्षाच्या बोलीवरचा गडी) ठेवायचा तर आपल्याकडे आखाजी ते आखाजी बोली होते. मधेच ऑगस्टमध्ये चांगला माणूस मिळत नाही आणि साडेचार एकराला पूर्ण सालदार परवडतही नाही. बटाईनं द्यायचं तर कपाशीचं देता येतं, केळीचं देताना दहा वेळा विचार करा. केळीत एक पाणी चुकलं, एप्रिल-मेच्या उन्हात बाग चार दिवस कोरडी राहिली, तर घडाच्या वजनातच मार बसतो.

माझं म्हणणं असं की जायचं ठरलंच तर केळीचा चालू घड उतरेपर्यंत बाग राहू द्या, त्यानंतर केळीची नवी लागवड, मृग बाग असो की कांदेबाग, करू नका. ते एकर कमी देखरेखीच्या पिकाला द्या. गड्याचे वरचे दिवस आणि फवारणीची मजुरी महिन्याला दोन-अडीच हजारांच्या खाली बसणार नाही. म्हणजे पगारपत्रक भाऊंनी काढलेला फरक इथेच संपला. हे वडिलांसमोर कागदावर मांडा.

कागदाची कामं हा दुसरा भाग, आणि लांब गेलेल्या पोरांची सगळ्यात जास्त धांदल यातच होते. ई-पीक पाहणी (सातबाऱ्यावर पिकाची नोंद) मोबाइलवरून असली तरी फोटो शेतात गटावर उभं राहूनच घ्यावा लागतो, चेन्नईत बसून होत नाही. फळपीक विम्यात वादळ-गारपिटीनं बाग पडली तर 72 तासांत कळवावं लागतं. पीएम-किसान, बँक, शेतकरी ओळखपत्र, सगळ्याचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. बऱ्याच घरांत वडिलांच्या कामांना नंबर मुलाचा दिलेला असतो. मग बाप सेतूत उभा, ओटीपी पोराच्या फोनवर आणि पोरगा शिफ्टमध्ये. जाण्याआधी वडिलांचा नंबर त्यांच्याच आधारला जोडा, साधा फोन असला तरी चालतो, आणि भाचा-पुतण्या कुणाला तरी ई-पीक पाहणी करायला शिकवून जा.

चाळीसगावकर

मी जरा दुसऱ्या बाजूनं बोलतो, कारण आतापर्यंतचे प्रतिसाद वाचून जाऊच नये असं वाटेल.

दोन हजारांसाठी जाऊ नका, बरोबर. पण क्वालिटीतल्या माणसानं पुढच्या पगाराचं बघायचं असतं. पाइपच्या क्वालिटीत हायड्रोस्टॅटिक टेस्ट, जाडी, घनता, रिव्हर्जन अशा ठरलेल्या चाचण्या. मोठ्या गाडी-उद्योगाच्या पुरवठादाराकडे सीएमएम (अचूक मोजमापाचं यंत्र), पीपीएपी (नवा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याची पद्धत), एसपीसी आणि एमएसए (उत्पादन आणि मोजणी आकडेवारीनं तपासण्याच्या पद्धती), ग्राहकाचं ऑडिट, आयएटीएफ 16949 या गाडी-उद्योगाच्या गुणवत्ता मानकाची शिस्त हाताखालून जाते. हे दोन-अडीच वर्षं नीट केलेल्या माणसाला चाकण, तळेगाव, वाळूज, नाशिक सगळी दारं उघडी. म्हणजे ओरगडमकडे मुक्काम म्हणून न बघता घराच्या जवळ येण्याची पायरी म्हणून बघता येतं. पुण्याहून जळगावला महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे, रात्रीच्या बसगाड्या आहेत, शनिवारी रात्री निघून रविवारी घरी. ओरगडमहून ते होणार नाही.

पण याला एक अट आहे: तिथे काम नेमकं काय मिळणार? 'क्वालिटी इंजिनिअर' या नावाखाली इनकमिंग माल तपासणं, लाइनवर रिजेक्शन मोजणं आणि कस्टमर क्वालिटी ही तीन वेगळी कामं असतात. दोन वर्षं नुसतं गो-नोगो गेज लावून माल वेगळा काढला तर शिकायला काही मिळत नाही. ज्याच्या हाताखाली काम करायचं त्या मॅनेजरशी पंधरा मिनिटं फोनवर बोलायला मागा. कोणता सेक्शन, कायम रात्रपाळी की फिरती, टीममध्ये किती जण, आधीचा माणूस का गेला, हे त्यालाच विचारा. एचआरला यातलं माहीत नसतं.

भाषेची भीती नको. ऑफिसात इंग्रजी चालते, लाइनवर बाहेरच्या राज्यांतली पोरंही असतात. पण सुपरवायझर आणि ऑपरेटर तमिळच बोलतात. रिजेक्शन का आलं हे ऑपरेटरच्या तोंडून कळायला हवं असेल तर पहिल्या सहा महिन्यांत कामापुरती तमिळ शिकावीच लागते.

आणि ही ऑफर दाखवून सध्याच्या कंपनीत बोलून बघायला हरकत नाही. 23,500 चे 29,000 झाले तर घरी राहून हातात जास्त उरतं. फक्त तोंडी आश्वासनावर बाहेरची ऑफर सोडू नका, लेटर हातात घ्या.

शिंदखेड्याची_ताई

मधेच विचारते. माझ्या मुलीला पुण्याची ऑफर आहे, हिंजवडीला. तिच्यासाठी यापेक्षा वेगळं काय बघायचं?

पगारपत्रक

ताई, पगाराचा हिशेब तोच. वेगळं इतकंच: रात्रपाळी असेल तर तिची लेखी संमती घेतात का, आणि घराच्या दारापर्यंत गाडी देतात की मुख्य रस्त्यापर्यंत, हे लेखी घ्या. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते, सदस्यांची नावं लावलेली असतात. नसतील तर कंपनी कशी आहे ते तिथेच कळतं. खोली घेताना 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवूनच घ्या. महाराष्ट्रात तो नोंदवणं बंधनकारक आहे, जबाबदारी मालकाची, आणि डिपॉझिट परत मिळवायला तोच कागद कामी येतो. पीजी घेतलं तर सोडण्याची सूचना किती दिवसांची आणि त्यात डिपॉझिटमधून किती कापणार, हे पावतीवर लिहून घ्या.

असोदेकर

सगळ्यांचे आभार. चाळीसगावकर भाऊंनी सांगितल्याप्रमाणे मॅनेजरशी बोलायला मागतो. वडिलांच्या दवाखान्याचं राहिलं. इन्शुरन्समध्ये आई-वडील आहेत असं एचआर तोंडी म्हणाले.

पगारपत्रक

तोंडी नाही चालणार. 9,628 च्या प्रीमियममध्ये आई-वडील धरलेले असतील असं वाटत नाही. बऱ्याच ठिकाणी ते वेगळा हप्ता भरून जोडावे लागतात आणि तो पगारातून कापतात. विचारायचं असं: आई-वडील पॉलिसीत आहेत का, विम्याची रक्कम किती, आधीपासूनच्या शुगर-बीपीला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का, बिलातला किती टक्के हिस्सा आपण भरायचा, आणि जळगावातल्या कोणत्या हॉस्पिटलांत कॅशलेस चालतं. शेवटची यादी मागवाच. चेन्नईच्या पंचवीस हॉस्पिटलांचा असोद्याच्या माणसाला उपयोग नाही. खोलीभाड्याची मर्यादाही बघा. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर बऱ्याच पॉलिसींत बाकीचं बिलही त्याच प्रमाणात कापतात.

ग्रुप पॉलिसी नोकरीबरोबर संपते, म्हणून तिच्यावर एकट्यावर राहू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, योजनेतल्या हॉस्पिटलांत. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळत नसतील तर ती दुरुस्ती जाण्याआधी करून कार्ड काढून ठेवा. दवाखान्यात भरती झाल्यावर नाव दुरुस्त करायला धावणं फार वाईट. शुगर-बीपीच्या गोळ्या मात्र यात येत नाहीत, त्यांचा महिन्याचा खर्च वेगळा धरा.

कोर्टरोड_धुळे

असोदेकर, मेल आजच पाठवा, सात दिवसांतला एक गेला. मराठीत मसुदा देतो, इंग्रजी तुम्ही करा:

'ऑफरबद्दल आभार. होकार देण्याआधी पुढील बाबी लेखी कळवाव्यात. नेमणूक थेट कंपनीची की कंत्राटदाराची, आणि पीएफ कोणाच्या कोडवर भरला जाणार. ट्रेनिंगची 1,00,000 ची रक्कम, बोनस आणि रिलोकेशनची वसुली 18 महिन्यांत महिन्यागणिक कमी होईल का, आणि कंपनीनं सेवा संपवल्यास किंवा बदली केल्यास ती लागू राहणार नाही ना. नोटिशीऐवजीचं वेतन बेसिकवर मोजणार का, प्रोबेशनमधली नोटीस 30 दिवस करता येईल का. व्हेरिएबल पेची मागील दोन वर्षांची टक्केवारी. आई-वडिलांच्या विम्याचा तपशील आणि जळगावमधील हॉस्पिटलांची यादी. संबंधित मॅनेजरशी बोलण्यासाठी वेळ मिळावा. उत्तरासाठी आवश्यक असल्यास मुदत चार दिवस वाढवावी.'

सभ्य भाषेत असे प्रश्न विचारल्यानं चांगली कंपनी ऑफर मागे घेत नाही. उत्तरं फोनवर आली तर 'आपल्या बोलण्याप्रमाणे' म्हणून तीच मेलवर परत लिहून पाठवा.

दरम्यान कंपनीचं नाव ईपीएफओच्या (पीएफ कार्यालयाच्या) साइटवरच्या आस्थापना शोधात आणि कंपनी मंत्रालयाच्या साइटवर तपासा. मेलचा पत्ता कंपनीच्या स्वतःच्या डोमेनचा आहे का तेही बघा. लॅपटॉप, युनिफॉर्म, मेडिकल, 'परत मिळणारं डिपॉझिट', कशाच्याही नावाखाली पैसे मागितले तर ती ऑफर खोटी समजा. चुकून पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन.

जळगावचा राजीनामा मेडिकल आणि पार्श्वभूमी पडताळणी पूर्ण झाल्यावरच द्या. क्वालिटीच्या कामाला रंग ओळखण्याची डोळ्यांची तपासणी बहुधा असते. ती इथेच एखाद्या नेत्रतज्ज्ञाकडे आधी करून घ्या, राजीनामा दिल्यावर तिथे नापास व्हायची वेळ नको. निघताना रिलीव्हिंग लेटर घ्या आणि पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख चढली का ते पाहा. जुन्या आणि नव्या नोकरीच्या तारखा एकमेकींवर चढल्या तर पीएफ ट्रान्सफर अडकतो. खातं बंद करून पैसे काढू नका, यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच ठेवून ट्रान्सफर करा. पाच वर्षांच्या आत 50,000 पेक्षा जास्त काढले तर कर कापला जातो, पॅन जोडलेला असला तरी 10 टक्के.

कांदेबाग_यावल

मॅनेजरचं उत्तर आलं की इथे टाका. तोपर्यंत केळीच्या बुंध्याजवळची नवी पिलं कापत राहा, पुढच्या पिकासाठी एखादं ठेवायचं की नाही ते ठरल्यावर बघू.